साडेसात ग्रॅम

दर बुधवारी रेडीच्या दवाखान्यात
मी बायकांची बोटं टोचते.
आज सत्यवती तारी आली ती टोपली घेऊनच.
वर ओलं गोणपाट, खाली कुर्ल्या,
एकमेकींच्या पाठीवर चढणाऱ्या,
पत्र्यावर तांदूळ सांडावेत तसा त्यांचा आवाज.

यंत्र म्हणालं, साडेसात.
बारा तरी हवं, मी म्हटलं.
ती हसली.
"अगो, आमच्या गावात लोखांड काय कमी आसा?"
आणि कापूस धरलेलं बोट तसंच
खिडकीतून डोंगराकडे केलं,
अर्ध्या कापलेल्या, तांबड्या.

खरं आहे.
माझे बाबा त्या खाणीवर डंपर चालवायचे.
त्यांचा सदरा तीन पाण्यांतून काढला
तरी चौथं पाणी तांबडंच.
सगळ्या गावाच्या अंगावर लोखंड होतं,
जहाजं भरभरून गेलं, तरी उरलं.
अंगात मात्र साडेसात.

असणं वेगळं, मिळणं वेगळं.

हे फार जुनं आहे, सत्यवतीबाई,
तुमच्या-माझ्या गावाहून, गावाच्या देवीहूनही.
तेव्हा समुद्राला श्वास नव्हता.
मासा नव्हता, म्हणून मासळीचा वास नव्हता,
वास घ्यायला नाकही नव्हतं.
हिरवट पाणी, आणि त्यात लोखंड
पेजेत मीठ विरघळावं तसं.
जे पहिले जगले
त्यांनी हाताशी होतं ते घेतलं.
इथे माड होते म्हणून आपल्या
प्रत्येक वाटपात नारळ आला ना, तसं.
कोणी ठरवलं नव्हतं.

मग कोणी तरी ऊन खायला शिकलं.
शेवाळासारखं काही, पण शेवाळही नव्हे,
बुळबुळीत, निळंहिरवं, निर्बुद्ध.
ऊन खाऊन ते जी हवा टाकत गेलं
ती तेव्हा विष होती.
आणि समुद्र गंजू लागला.
कणाकणाने, थरावर थर,
लोखंड तळाशी बसत गेलं
लाखो वर्षं, कोट्यवधी वर्षं, मला हे आकडे
रजिस्टरच्या रकान्यात बसवता येत नाहीत.
तो तळ पुढे कधी तरी वर आला.
त्यावर काजू लागले. त्यात बाबांचा डंपर फिरला.

कोठार रिकामं झालं
पण वाटप बदललं नाही.
अजून आपल्याला तेच लागतं,
त्या पहिल्या, भरल्या दिवसांचं.

आणि तांबं?
ते गंधकाच्या मुठीत होतं, दगडात.
त्याच विषारी हवेने ती मूठ उघडली.
कोणी तरी ते उचललं, रक्तात घातलं,
म्हणजे तुमच्या टोपलीतल्यांच्या
पणजीच्या पणजीने, किंवा तिच्याही आधी कोणी.

यातलं मी काहीच बोलले नाही.
गोळ्या घेतल्या का, एवढंच विचारलं.
"त्यो गोळये मी अबोलेक घातलंय," ती म्हणाली,
"बरी फुल्ली हा."
अबोलीसुद्धा त्या तांबड्या मातीत
उपाशीच असावी.
मी रागवायला हवं होतं. रागवलेही थोडी.
नवं पाकीट दिलं, जेवणानंतर घ्या,
वर चहा नको, लिंबू चालेल.
"कुर्लेचो पाय मोडलो काय निळसार पाणी येता,"
ती उठता उठता म्हणाली,
"तेका कोण गोळये देता?"
आणि दोन कुर्ल्या टेबलावर ठेवून गेली.
एकीने नांगीत रजिस्टरचा कोपरा धरला,
साडेसातच्या जरा वर.

संध्याकाळी विळीवर पहिला पाय तोडला.
आधी नुसतं पाणी.
मी थांबले. वारा लागू दिला.
हळूहळू, शाईचं बोट कोणी बुडवावं
इतपतच, ते निळं झालं,
लोखंडी पात्यावर.

मग पुसलं लगेच.
खाऱ्या हवेत विळी फार पटकन गंजते.